टाळ्या मोजू नका, मात्रा मोजा : दोन-तीन-चारचा ठेका नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ती दहावी टाळी माझी होती. बंदिस्त हॉलमधला व्हॉलीबॉलचा सामना. सर्व्हिसच्या आधीची उसंत साधून आमच्या बाजूच्या सगळ्यांनी नऊ टाळ्या वाजवल्या आणि संघाचं नाव घेतलं. मी नावाच्या जागीही एक टाळी ठेवून दिली. एकटीच, खणखणीत. पुढच्या रांगेतल्या तीन माना मागे वळल्या आणि मी उगाचच बुटाची नाडी बांधायला वाकलो.

हा ठेका तुम्ही ऐकलेला आहेच. आधी दोन टाळ्या, मग तीन, मग भरभर चार, आणि शेवटी सगळ्यांच्या तोंडून एक छोटा शब्द. फुटबॉल असो, बास्केटबॉल असो, आइस हॉकी असो, शब्द बदलतो, ठेका तोच राहतो. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पाठीराखे याच नऊ टाळ्यांनंतर ‘इंग्लंड!’ म्हणतात. इतक्या वेळा कानावरून गेलेला असतो की हा शिकावा लागेल असं कुणाला वाटतच नाही. प्रत्यक्ष हात पुढे केले की मात्र नवखी माणसं हमखास तिसऱ्या गटात घसरतात. कारण एकच. ती टाळ्या मोजत असतात.

ठेक्याची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण ती पुढे कामाला येणार आहे. ‘द राउटर्स’ नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाची ‘लेट्स गो (पोनी)’ ही तबकडी १९६२ साली वॉर्नर ब्रदर्सने काढली. रचना लॅनी डंकन आणि रॉबर्ट डंकन यांची. ‘पोनी’ हे त्या काळी चलतीत असलेल्या एका नाचाचं नाव. गाणं म्हणावं असं त्यात फारसं काही नाही. वाद्यं वाजतात, टाळ्यांचा हा ठेका येतो आणि मधूनमधून ‘लेट्स गो!’ अशी आरोळी येते. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती १९व्या क्रमांकापर्यंत पोचली. म्हणजे फार मोठं यश नव्हे, पण ठेका मात्र तबकडीतून निसटून मैदानांवर जाऊन बसला. साठच्या दशकातच इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या प्रेक्षकांनी तो उचलला होता. १९७९ मध्ये ‘द कार्स’ या बँडने आपल्या ‘लेट्स गो’ गाण्यात याच टाळ्या पुन्हा वापरल्या. तोवर बऱ्याच जणांना हा ठेका मैदानावरचाच वाटत होता.

आपल्या कामाची गोष्ट ही की याचा जन्म नाचाच्या तबकडीत झाला. म्हणजे हा चालीवर बसवलेला ठेका आहे, पावलं मोजून केलेला. शिकायचाही पावलांपासूनच.

पायरी पहिली : हात खिशात, पाय जमिनीवर

घरातल्या घरात चाला. नेहमीच्या वेगाने, घाई न करता. एक पाऊल म्हणजे एक मात्रा. मनातल्या मनात एक ते आठ मोजा आणि नवव्या पावलाला पुन्हा एकवर या. ही आठ पावलं म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन. तबल्याशी थोडीफार ओळख असेल तर केरवा आठवा. मात्रा तितक्याच आहेत. नसेल ओळख तरी काही बिघडत नाही, पावलांना ताल आपोआप कळतो.

दोन-तीन मिनिटं नुसतं चाला. कंटाळा येईल, येऊ द्या. पुढची सगळी इमारत या आठ पावलांवर उभी राहणार आहे. माझा अनुभव असा की ही पायरी गाळणारा माणूस चौथ्या पायरीवर अडकतो आणि झक मारत पुन्हा इथेच येतो.

पायरी दुसरी : तोंडाने बोल

आता चालता चालता बोल म्हणायचे. एका पावलात एकच टाळी असेल तिथे ‘ता’, आणि एका पावलात दोन टाळ्या बसवायच्या असतील तिथे ‘तक’. ‘तक’चा ‘त’ पाऊल टेकताना आणि ‘क’ दोन पावलांच्या बरोबर मध्ये, पाय हवेत असताना. संपूर्ण आवर्तन असं :

१ ता
२ ता
३ तक
४ ता
५ तक
६ तक
७ चऽ
८ लाऽ

सलग म्हणा : ता, ता, तक, ता, तक, तक, च-ला. शेवटचा शब्द मी ‘चला’ घेतला आहे, कारण मूळच्या आरोळीचा अर्थही तोच आणि अक्षरंही दोनच.

आता मोजून बघा. पहिल्या दोन मात्रांत दोन टाळ्या. तिसरी-चौथी मिळून तीन. पाचवी-सहावी मिळून चार. सातवी-आठवी शब्दाची. म्हणजे प्रत्येक गटाला जागा सारखीच मिळाली आहे, दोन-दोन मात्रांची. टाळ्या वाढत जातात, पण त्यांना मिळणारी जागा तेवढीच राहते. ठेका पुढे पुढे दाटत जातो तो यामुळे. वेग कुठेही वाढत नाही. नवख्याला वाटतं शेवटी जोर करून पळायचं आहे. पळायचं नाहीच, पाऊल तेच ठेवायचं.

इथेच ती मोठी फसगत होते. हा ठेका कागदावर लिहून दाखवायचा झाला की लोक ‘टाळी टाळी, टाळी टाळी टाळी, टाळी टाळी टाळी टाळी’ असा लिहितात. मधल्या स्वल्पविरामांनी वाचणारा गंडतो. त्याला वाटतं दोन टाळ्या, मग जरा दम, मग तीन, मग जरा दम, मग चार. तसं नाहीये. दुसरी टाळी आणि तिसरी टाळी यांच्यात तेवढंच अंतर आहे जेवढं पहिली आणि दुसरीत होतं, एका पावलाचं. गटागटांमध्ये वेगळी विश्रांती नाही. आणि चार भरभर टाळ्यांमधली शेवटची ज्या अर्ध्या पावलावर पडते, त्याच्या पुढच्याच पावलाला शब्द सुरू होतो. श्वास घ्यायला थांबलात की गाडी चुकली. श्वास आधी घ्यायचा, चौथ्या मात्रेच्या ‘ता’नंतर. तिथे अर्ध्या पावलाची मोकळी जागा आहे. नेमकी तीच जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

बोल तोंडात बसले की नाही हे तपासायची सोपी कसोटी : चालताना कुणाशी तरी नजरानजर करा, मान हलवून ओळख द्या. ठेका तुटला नाही तर बसला.

पायरी तिसरी : हात

आता कुठे टाळी. पण तोंड बंद करायचं नाही, बोल चालूच ठेवायचे आणि हात त्यांच्या मागून जातील असं बघायचं.

पहिली चूक हात फार लांब नेण्याची. मैदानावर उत्साह असतो, माणूस खांद्यापासून हात फिरवतो. पहिल्या दोन टाळ्या त्यात छान वाजतात. तिसऱ्या मात्रेला मात्र हात परत यायला वेळच उरत नाही. दोन तळव्यांमध्ये वीतभरापेक्षा कमी अंतर ठेवा. दुसरी युक्ती अशी की एक हात स्थिर धरा, तळवा वर किंवा किंचित तिरका, आणि दुसऱ्यानेच वाजवा. दोन्ही हात हलवण्यात निम्मी ताकद वाया जाते आणि तळव्यांचा मेळ चुकला की फुसकी टाळी निघते.

हातांचा आकारही महत्त्वाचा आहे. टाळीचा आवाज तळवे आपटण्यातून येतो असं आपण धरून चालतो, पण त्यात हवेचा वाटा मोठा आहे. तळवे मिटताना त्यांच्यामधल्या पोकळीतली हवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या फटीतून झटक्यात बाहेर पडते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा आवाज घुमतो, तसाच काहीसा हा प्रकार. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासून दाखवलं. पोकळी मोठी तर आवाज खालच्या पट्टीतला, लहान तर वरच्या. घरी करून बघा. तळव्यांची ओंजळ करून वाजवा, ‘डब्ब’ असा भारदस्त आवाज येतो. मग एका हाताची चार बोटं सरळ ठेवून दुसऱ्याच्या तळव्यावर मारा, ‘चट्’ असा धारदार येतो.

या ठेक्यासाठी मी धारदार टाळी निवडतो. ओंजळीचा आवाज भरीव असतो खरा, पण भरभर चार टाळ्यांत तो एकमेकांत मिसळून जातो, विशेषतः छत असलेल्या हॉलमध्ये. बोटं तळव्यावर मारली की प्रत्येक टाळी सुटी ऐकू येते. पहिल्या दोन टाळ्या ओंजळीच्या आणि पुढच्या बोटांच्या, असं करणारे हौशी लोकही मी पाहिले आहेत. ऐकायला मजा येते, शिकायच्या पहिल्या दिवशी मात्र त्या भानगडीत पडू नका.

हातात अंगठी असेल तर काढून ठेवा. सामन्याच्या शेवटी तळवे चुरचुरतात ते वेगळंच.

वेग किती? चालण्याच्या वेगाने शिकलात तर साधारण बरोबरच याल. घड्याळ लावून बघायचं असेल तर मिनिटाला १२० मात्रा हा माझ्या मते उत्तम वेग. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आवर्तन चार सेकंदांचं, आणि भरभर टाळ्यांमधलं अंतर पाव सेकंदाचं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ब्रूनो रेप या संशोधकाने १९८७ मध्ये एकेकट्या माणसांच्या टाळ्या मोजल्या, तेव्हा त्यांचा सरासरी वेग सेकंदाला चारच्या आसपास आला होता. म्हणजे १२०च्या वेगात ठेक्यातला सगळ्यांत दाट भागही आपल्या हातांच्या सवयीच्या चालीतच बसतो. तेच १६०वर नेलंत की सेकंदाला पाचाहून जास्त टाळ्या लागतात, आणि गर्दीचं सोडा, एकट्यालाही त्या सुट्या काढणं जड जातं.

पायरी चौथी : शब्द, आणि दहाव्या टाळीचा बंदोबस्त

सातव्या आणि आठव्या मात्रेला हात रिकामे आणि तोंड भरलेलं. हातांना हे कळत नाही. सहा मात्रा वाजवून ते तापलेले असतात, सातवीलाही वाजतात. माझी दहावी टाळी तशीच पडली होती. ‘आता थांब’ असं मनाला बजावून उपयोग होत नाही, हे मी बरेच सामने करून पाहिलं. उपाय वेगळाच निघाला : हातांना दुसरं काम द्यायचं. शब्द म्हणताना दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मुठी वळून किंवा तळवे उघडून. वर गेलेले हात टाळी वाजवू शकत नाहीत. शिवाय शब्दाला जोर येतो आणि दुरून बघणाऱ्याला आवर्तन कुठे संपलं ते दिसतं. हात खाली येताना पहिली टाळी आपोआप जोरकस पडते, म्हणजे समही, आवर्तनाची पहिली मात्रा, सापडते.

शब्द कुठलाही चालतो, पण त्याची अक्षरं दोन मात्रांत बसली पाहिजेत. दोन अक्षरी उच्चार असेल तर काही करावंच लागत नाही : इंग्-लंड, ब्रा-झील, ज-पान. तीन असतील तर पहिलं पूर्ण मात्रेचं आणि पुढची दोन ‘तक’सारखी : जर्, मग मनी. चार असतील तर दोन ‘तक’ : अर्-जें, टि-ना. क्रोएशिया आणि ऑस्ट्रेलियाही असेच बसतात. पाच किंवा जास्त अक्षरांचं नाव कोंबू नका. टोपणनाव शोधा, नाहीतर ‘चला’ आहेच. खेळाडूचं नाव घ्यायचं असेल तर आधी घरी म्हणून बघा. मैदानात उभं राहून तीन-चार हजार माणसांसमोर अक्षरं मोजत बसण्यासारखी फजिती नाही.

पायरी पाचवी : गर्दीत, कान बंद आणि डोळे उघडे

घरी पक्का बसलेला ठेका स्टेडियममध्ये गेला की विस्कटतो. लोक म्हणतात गर्दीला ताल नाही. गर्दीला ताल असतो, पण आवाजाला पोचायला वेळ लागतो.

हिशेब करू. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पाव सेकंदात सुमारे ८५ मीटर. फुटबॉलचं प्रमाण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. त्यात दोन्ही बाजूंची मोकळी जागा आणि रांगा धरल्या की समोरच्या बाजूला बसलेला माणूस सहज ८५ मीटरवर असतो. म्हणजे त्याची टाळी तुमच्या कानावर पाव सेकंद उशिरा पडते. आणि भरभर टाळ्यांमधलं अंतरही पाव सेकंदच! त्याची तिसरी टाळी तुम्हाला तुमच्या चौथीच्या जागी ऐकू येते. तुम्ही दोघंही अगदी बरोबर वाजवत असलात तरी तुमच्या कानाला तो चुकलेला वाटतो, आणि त्याच्या कानाला तुम्ही. मग दोघंही एकमेकांना सांभाळून घ्यायला जातात आणि ठेक्याचा काला होतो. गोलपोस्टमागच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तर हा उशीर त्याहून मोठा.

उजेडाला असा वेळ लागत नाही. म्हणून समोरच्या बाजूचे हात बघा, त्यांचा आवाज ऐकू नका. वर गेलेले हात खाली येताना दिसले की तीच सम. जवळच्या चार-पाच रांगांचं मात्र ऐकलं तरी चालतं. दहा मीटरवरून येणाऱ्या टाळीला तीन शतांश सेकंदच लागतात, तो फरक कानाला जाणवत नाही. ढोल असेल तर ढोलाकडेही बघायचं, काठी खाली येताना. ढोलवाल्याला माझा सल्ला असा की नवख्यांच्या गर्दीत त्याने नऊ टाळ्यांची नक्कल न करता नुसत्या आठ मात्रा ठाशीव द्याव्यात. टाळ्या लोक स्वतः भरतात. त्यांना पावलं लागतात.

बंदिस्त हॉलची तऱ्हा वेगळी. अंतर कमी, पण भिंती आणि छत आवाज परत फेकतात आणि आधीची टाळी विरायच्या आत पुढची येते. तिथे वेग थोडा उतरवा, मिनिटाला १०५-११० मात्रांपर्यंत.

पायरी सहावी : सुरुवात तुम्ही करा

इथवर आलात की कधीतरी वाटणार, आपणच सुरू करावं. करा, पण एकट्याने नको. पाच-सहा जण ठरवून एकत्र बसा आणि तुमच्यातल्या एकालाच खूण द्यायचा अधिकार द्या.

या ठेक्याची रचना सुरुवात करणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि मला तो याच कारणाने सगळ्यांत आवडतो. पहिल्या दोन टाळ्यांमधलं अंतर म्हणजेच एक मात्रा. त्या दोन टाळ्यांत तुम्ही सगळ्यांना वेग सांगून टाकता. पुढच्या तीन ऐकल्या की कुठला ठेका आहे ते कळतं. चारला जवळचे लोक सामील होतात आणि शब्द सगळे घेतात. चार सेकंदांत अनोळखी माणसांचा मेळ बसतो, कुणी काही समजावून न सांगता. म्हणून पहिल्या दोन टाळ्या सावकाश, मोठ्या आणि अगदी समान अंतराच्या असू द्या. तिथे घाई केलीत तर पुढे हजार लोक तीच घाई करतील.

वेळ निवडा. चेंडू बाहेर गेला आहे, खेळाडू जागा घेत आहेत, कॉर्नर घ्यायला कुणी तरी निघालं आहे, असे पंधरा-वीस सेकंद पुरतात. तेवढ्यात चार-पाच आवर्तनं होतात आणि तेवढीच करावीत. सहाव्या-सातव्याला वेग चढू लागतो आणि नववं आवर्तन म्हणजे नुसता कडकडाट.

हा चढणारा वेग कुणाच्या बेशिस्तीमुळे येत नाही. टाळ्यांचा सामुदायिक मेळ कसा जुळतो आणि तुटतो यावर एक सुंदर अभ्यास २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला होता. झोल्टान नेडा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत प्रयोगानंतरच्या टाळ्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यात दिसलं ते असं : आधी सगळे भरभर, सुटे सुटे वाजवतात. मग एकत्र वाजवावं असं झालं की प्रत्येक जण आपला वेग जवळजवळ निम्मा करतो, कारण सावकाश वाजवताना माणसामाणसांतला फरक कमी होतो आणि मेळ जमतो. पण सावकाश वाजवलं की एकूण आवाज कमी होतो. लोकांना तो वाढवावासा वाटतो, ते वेग वाढवतात आणि मेळ पुन्हा तुटतो. मग पुन्हा सावकाश. मैदानावरही अगदी हेच चालतं. उत्साह वाढला की हात धावतात आणि मेळ मोडतो.

म्हणून वेग चढतोय असं वाटलं की ओरडून आवरायला जाऊ नका, कुणी ऐकत नाही. तुमच्या पाच-सहा जणांनी एक आवर्तन हात वर धरून गप्प राहायचं. आसपासचे अडखळतात, आवाज पातळ होतो. मग पुन्हा दोन मोठ्या, सावकाश टाळ्या. हे जमतं. दर वेळी नाही, पण बऱ्याच वेळा.

आणि कधी गप्प बसायचं? टेनिसमध्ये सर्व्हिस सुरू झाली की, स्नूकर आणि गोल्फमध्ये खेळाडू नेम धरत असताना, शर्यतीत धावपटू किंवा पोहणारे इशाऱ्याची वाट बघत असताना. लांब उडी, तिहेरी उडी आणि उंच उडी यांची गोष्ट निराळी. तिथे खेळाडू स्वतःच हात वर करून टाळ्या मागतो, पण त्याला एकसारखी, हळूहळू वाढत जाणारी टाळी हवी असते, धावेच्या पावलांना साथ देणारी. ही पद्धत अमेरिकन तिहेरी-उडीपटू विली बँक्सने १९८१ मध्ये स्टॉकहोमच्या स्पर्धेपासून रूढ केली. तिथे दोन-तीन-चार सुरू केलात तर त्याची पावलं चुकवाल.

थोडं शेजारच्या ठेक्यांविषयी

हा हातात बसला की बाकीचे सोपे जातात, फक्त एकाची सवय दुसऱ्यात जाऊ देऊ नका. जपानमधला ३-३-७चा ठेका घ्या. तिथे तीन टाळ्या आणि एक रिकामी मात्रा, पुन्हा तीन आणि एक रिकामी, मग सात आणि एक रिकामी. चार, चार आणि आठ मिळून सोळा. म्हणजे दोन-तीन-चारमध्ये जे स्वल्पविराम फसवे होते ते इथे खरे आहेत, गटानंतर खरोखर थांबायचं असतं. दक्षिण कोरियाच्या पाठीराख्यांचा ‘दे-हान-मिन-गुक’ आधी शब्द घेतो आणि मग पाच टाळ्या. २००२च्या फुटबॉल विश्वचषकात त्यांचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तो घोष जगभर ऐकू गेला.

आइसलंडचा प्रकार तर पूर्ण उलटा. डोक्यावर हात, एक टाळी, ‘हू!’, आणि मग लांबलचक शांतता. ती शांतता हळूहळू आखूड होत जाते. २०१६च्या युरो फुटबॉल स्पर्धेत २७ जूनला नीस इथे त्यांनी इंग्लंडला २-१ असं हरवलं, आणि त्या स्पर्धेत खेळाडू आणि प्रेक्षक मिळून वाजवत असलेली ती टाळी साऱ्या जगाने पाहिली. तिथे वेग वाढणं हाच ठेका आहे. आपल्याकडे तो दोष, त्यांच्याकडे तोच खेळ.

राहता राहिली दहावी टाळी. एवढं सगळं करूनही ती कधीतरी पडणार, सगळ्यांची पडते. पडलीच तर लगेच पुढच्या मात्रेवर अकरावीही वाजवून मोकळे व्हा. शब्दाच्या दोन्ही अक्षरांवर टाळी देणारे काही गट असतातच, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं तुम्ही तिकडचे. त्या दिवशी मला हे माहीत असतं तर बुटाची नाडी दोनदा बांधावी लागली नसती.